सोमवारची सुट्टी

रायभान रिकाम्या हौदात उतरून नारळाच्या शेंडीने तळाचं शेवाळ घासत होता. मागे एकदा ब्रूनोचा पाय इथेच घसरला होता आणि सून मनीषा अशी किंचाळली होती, की शेजारची दुर्गाबाई पिठाच्या हातानेच धावत आली होती. तेव्हापासून दर शुक्रवारी हौद घासायचा, हे रायभानने मनाशी ठरवून टाकलं होतं. या खेपेला शुक्रवारी हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून काम शनिवार सकाळवर आलं.

बांधापाशी हॉर्न वाजला. पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि ब्रूनो, पिवळसर रंगाचा तो दांडगा कुत्रा, हरभरा तुडवत सुसाट आला आणि थेट हौदात रायभानच्या अंगावर पडला.

"जा बाळा, आजोबांना भेट!" मनीषा लांबून ओरडली.

आजोबा हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा रायभानला राग आला होता. त्याच्या बापाची मेंढरं होती. बापाची कुत्री कळपामागे चालायची, उरलीसुरली भाकर खायची, लांडग्याच्या अंगावर जायची. त्यांना नावं होती, पण आजोबा नव्हता. तरी रायभान काही बोलला नव्हता. कारण ब्रूनो घरात येण्याआधी मुलगा ओमप्रकाश फक्त दिवाळीला येत असे. त्याची आई गोपिकाबाई अंथरुणाला खिळली होती तेव्हाही संभाजीनगरहून वाटूर त्याला लांबच पडत असे. ती गेली, आणि मग त्या दोघांनी कुत्रा पाळला. फ्लॅटमध्ये त्याचा जीव रमेना. शनिवार-रविवार त्याला कुठे न्यावं, म्हणून मनीषाने म्हैसमाळला, लोणारला, अजिंठ्याला फोन लावले. कुत्रा चालणार नाही, असं सगळीकडून उत्तर आलं. शेवटी ओमप्रकाशला आठवलं, की आपलं शेत आहे. तेव्हापासून एक शनिवार सोडून गाडी येऊ लागली. रस्ता तोच होता.

ओसरीत चहा झाला. ब्रूनो रायभानच्या पायावर मान टाकून पडला होता.

"बाबा, एक चांगली बातमी," मनीषा फोन पुढे करत म्हणाली. "खुलताबादच्या अलीकडे नवीन फार्म हाउस झालंय. कुत्र्यांना अलाउड आहे. मोठं कुंपण, पोहायला वेगळा टँक. पुढच्या महिन्यापासून आम्ही तिकडेच जाऊ. तुमचाही त्रास वाचेल."

"मला कसला त्रास?" रायभान म्हणाला.

"नाही कसा? हौद घासता, त्याच्यासाठी अंडी आणता. माळ घातलेल्या माणसाने अंडी उकडायची म्हणजे..."

रायभानने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. मग मुलाकडे वळला.

"ओम, परवा सोमवारी तुझ्या मायचं वर्षाचं हाय. फोनवर बोल्लो व्हतो."

"हां बाबा, लक्षात आहे." ओमप्रकाशने बिस्किटाचा तुकडा ब्रूनोसमोर धरला. "पण सोमवारी ऑडिट आहे. सुट्टी बिलकुल मिळून राह्यली न्हाई. तुम्ही करून घ्या. दुर्गामावशी हायेतच की."

"हौ," रायभान म्हणाला.

रविवारी दुपारी जेवून दोघं आडवी झाली. उन्हं उतरली की निघायचं होतं, बॅगा गाडीत भरून झाल्या होत्या. रायभान कुत्र्याला फिरवायला म्हणून बाहेर पडला. मनात काही ठरलेलं होतं असं नाही. ओढा ओलांडून पलीकडे आल्यावर शेतशेजारी कडूबाचा आखाडा दिसला, आणि आखाड्याची किल्ली आपल्याच कमरेला आहे हे त्याच्या ध्यानात आलं. कडूबा परतूरला लेकीकडे गेल्ता. शेतातल्या त्या पत्र्याच्या खोलीवर लक्ष ठेवायला सांगून गेल्ता.

ब्रूनो आपणहून आत शिरला. खताच्या रिकाम्या गोण्या हुंगून त्यांच्यावर ऐसपैस बसला. रायभानने घमेल्यात पाणी ओतलं, उद्याचा दिवस मनात मोजला, आणि दार ओढून घेतलं. आतून भुंकण्याचा आवाज आला नाही. कुत्र्याला वाटलं असावं, हा माणूस आत्ता परत येईल.

घरी येऊन तो म्हणाला, "साखळी सुटली हातातून. ज्वारीत घुसला."

पुढचे दोन तास ओमप्रकाश डोक्याइतक्या उंच ज्वारीत हाका मारत फिरला. पात्यांनी त्याचे हात चिरले. मनीषा फाट्यापर्यंत जाऊन प्रत्येक टपरीवर फोटो दाखवून आली. रायभानही शोधत होता. ज्या बाजूला कुत्रा नव्हता, त्या बाजूला तो पुन्हा पुन्हा जात होता.

दिवस मावळताना तिघं ओसरीत आली. रायभान चहा ओतत होता. ओमप्रकाशने साहेबांना फोन लावला.

"सर, घरी इमर्जन्सी आहे. उद्या जमणार नाही... हो सर. थँक यू, सर."

तिसरा कप भरायच्या आत बोलणं संपलं होतं.

"काय म्हनले?" रायभानने विचारलं.

"दिली सुट्टी. दोन दिवस घे म्हणाले."

मग ओमप्रकाश पायरीवर बसला आणि रडू लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, लहानपणी फुटायचा तसाच मोठा आणि मोकळा. रायभान चहाची केटली हातात धरून उभा राहिला. गोपिकाबाईला उचलली तेव्हा हा मुलगा खांदेकऱ्यांना रस्ता दाखवत होता, गाड्या बाजूला लावायला सांगत होता. सगळ्यांनी त्याच्या धीराचं कौतुक केलं होतं. रायभाननेही केलं होतं.

तो मुलाजवळ बसला. त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ रुंद झाली होती, हाताला अनोळखी लागत होती. ओमप्रकाशने हात झटकला नाही, उलट बापाकडे कलला. त्या क्षणी रायभान खरं सांगून टाकणार होता. पण पोराचं डोकं खांद्यावर टेकलं, आणि त्याने तोंड उघडलं नाही.

सोमवारी तांबडं फुटताच तो ओढ्यापलीकडे जाऊन दूध-भाकर देऊन आला. ब्रूनो शेपटी हलवत उठला, त्याचे हात चाटू लागला. रायभानने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

दुर्गाबाईने खीर केली, वडे तळले. पाटावर गोपिकाबाईचा फोटो मांडला. ओमप्रकाश अंघोळ करून, डोळे सुजलेले तसाच, फोटोसमोर बसला. बाप सांगेल ते त्याने मुकाट केलं. हळद-कुंकू वाहिलं, ताट दाखवलं, कावळ्याचं पान उचलून बाहेरच्या पत्र्यावर ठेवलं. रायभान त्याच्यामागे उभा होता. वर्षभर त्याला हेच बघायचं होतं. मायच्या नावाने हात जोडलेला तिचा मुलगा.

ओमप्रकाशने डोळे मिटले.

"आई," तो पुटपुटला, "माझा ब्रूनो सापडू दे. दुसरं काही मागत न्हाई मी तुला."

कावळा आला. पानाला चोच लावून खिरीतला भाताचा घास घेऊन उडाला. दुर्गाबाई म्हणाली, "शिवला बघा, लगीच शिवला!" आणि पदराने डोळे पुसले.

रायभानने पायात चपला सरकवल्या.

"ओढ्याकडं बघून येतो," तो म्हणाला.

तो कुत्र्याला घेऊन आला तेव्हा ओमप्रकाश अंगणात गुडघ्यावर बसला. ब्रूनो त्याच्या गळ्यात पडला. दोघं मातीत लोळले. "आईनं आणला! बाबा, आईनं आणला हो ह्याला!" तो ओरडत होता. दुर्गाबाईने आभाळाकडे बघून हात जोडले.

मनीषाने कुत्र्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. ब्रूनोने नुसतं हुंगलं. तिने त्याच्या अंगावरून हात फिरवला, पंजे उलटे करून पाहिले. काटा नव्हता, चिखल नव्हता. गळ्यातल्या पट्ट्यात खताच्या गोणीचा एक पांढरा धागा अडकला होता. तो तिने काढला, बोटाभोवती गुंडाळला आणि वर पाहिलं.

ओमप्रकाश गाडीचं दार उघडायला गेला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आम्हाला सांगितलं असतं तर थांबलो असतो ना आम्ही."

"सांगितलं व्हतं, पोरी," रायभान म्हणाला. "दोनदा सांगितलं व्हतं."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. ती बोलायला गेली, तेवढ्यात ओमप्रकाशची हाक आली. डॉक्टर एक वाजता दवाखाना बंद करतात, जल्दी निघायला हवं होतं, ब्रूनोला एकदा तपासून घेतलेलं बरं. मनीषाने धागा मुठीत ठेवला आणि ती गाडीकडे गेली. नवऱ्याला ती सांगणार नाही, हे तिच्या चालण्यावरून रायभानला कळलं. पण ती आता परत येणारही नाही, हेसुद्धा कळलं.

ओमप्रकाश वाकून बापाच्या पाया पडला. बऱ्याच वर्षांत पडला नव्हता.

"आता दरसाल येणार बाबा मी, वर्षाला. आई ऐकती."

"ये," रायभान म्हणाला.

गाडी फाट्याकडे वळली आणि ज्वारीआड गेली. तो आत आला तेव्हा दुर्गाबाई वाढलेल्या ताटांजवळ बसून माशा वारत होती.

"पोरं जेवले न्हाई का वो?"

"घाई व्हती त्यांना."

"मंग ही ताटं?"

रायभानने हातपाय धुतले आणि मुलासाठी मांडलेल्या पाटावर बसला. वडे गार झाले होते, खिरीवर साय धरली होती. काल दुपारपासून त्याच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. त्याने पहिला घास घेतला, मग दुसरा. अन्न गोड लागत होतं. दुर्गाबाईने आणखी वाढू का विचारलं, आणि त्याने मान खाली घालून ताट पुढे केलं.