प्रोफे दाराबाहेर

शिकवणाऱ्यालाच वर्गाबाहेर काढायचं आणि वर त्याला मदत म्हणायचं! एलिएसेरच्या डोक्यात तिडीक गेली ती इथेच.

"थोडाच वेळ, प्रोफे," योलिमा म्हणाली. विद्यापीठाच्या अध्यापन साहाय्य केंद्रातली ही बाई वयाने त्याच्या मुलीएवढी. "तुम्ही बाहेर थांबायचं. काय समजतंय, कुठे अडतंय, ते मी मुलांना विचारते. कोण काय म्हणालं ते कुणालाच सांगत नाही. सगळ्यांचं मिळून जे निघेल ते फक्त तुम्हाला."

"आणि डीनबाईंना?"

"त्यांना नाही."

हो, आणि आम्ही दूधखुळे! कालच कॅन्टीनमध्ये या दोघी एका टेबलावर बसून मक्याचे आरेपा खात खिदळत होत्या, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मानिसालेस शहरातल्या त्या विद्यापीठात एलिएसेर हायड्रॉलिक्स शिकवायचा; शिक्षकाला तिथे सगळे प्रोफेच म्हणत. केस पिकले तरी अजून तासिका तत्त्वावरच. दर सत्रात निम्मी मुलं मध्येच विषय सोडून पळायची. यंदाही पळाली तर वर्ग दुसऱ्याला देऊ, असं डीनबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. वर्ग गेला तर उरलं काय? बायको गेल्यापासून घर त्याला खायला उठायचं. जे काही जगणं होतं ते फळ्यासमोर. आणि मुलं का पळतात, हे त्याला खरंच उमगत नव्हतं.

केंद्राच्या नादी त्याला लावलं संख्याशास्त्राच्या रुबिएलाने. दर गुरुवारी तिथे शिक्षक जमायचे आणि काळी कॉफी पीत आपापल्या फजित्या एकमेकांना सांगायचे.

"मुलं मला घाबरून माना डोलावतात, हे मला तिथेच कळलं," ती म्हणाली होती. "आधी रडले, मग सुधारले. तूही ये की!"

"म्हणजे आपली अब्रू आपणच चव्हाट्यावर मांडायची?"

"अरे बाबा, तुझ्या अब्रूत कुणाला रस नाहीये! संशयानेच मरशील एक दिवस."

योलिमाने आत जाऊन दार लावलं. एलिएसेर येरझारा घालू लागला. केंद्राला पैसे कोण देतं? विद्यापीठ. डीन कुणाची? विद्यापीठाचीच. मग झालं तर! त्याला राहवेना. त्याने दाराला कान लावला.

"प्रोफेंना काही विचारलं ना, की ते..." एका मुलीचा आवाज आला आणि तुटला.

मग एक मुलगा ठणठणीत आवाजात म्हणाला, "प्रोफे फारच छान शिकवतात!" "अगदी सोपं करून सांगतात," दुसरा. मग तिसरी, चौथा. एलिएसेरचा ऊर भरून आला. सांग म्हणावं, हे खुशाल सांग डीनबाईंना! उगाच संशय घेतला बिचारीवर.

योलिमा बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं. चेहरा उतरलेला.

"ऐकत होतात ना?"

"मी? छे!"

"प्रोफे, दाराला काच आहे. तुमची सावली दिसत होती आत. ती मुलगी बोलता बोलता थांबली, तिने काचेकडे पाहिलं आणि ती खाली बसली. त्यानंतर नुसतं कौतुकच. आता कितीदा विचारलं तरी कुणी तोंड उघडायचं नाही. मी तुमचीच हेर आहे असं वाटतंय त्यांना."

एलिएसेरचं तोंड पडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगायला उठलं होतं.

"काय म्हणत होती ती?"

"तुम्ही ऐकलंत तेवढंच."

"कोण होती? ती खिडकीशी बसते, तीच ना?"

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले.

तेवढ्यात दार उघडलं. खिडकीशी बसणारी ती मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली. "बरं वाटत नाहीये, प्रोफे," एवढं पुटपुटून ती त्याच्यापासून अंग चोरत, भिंतीला धरून निघाली.

थांब म्हणायला एलिएसेर दोन पावलं पुढे गेला. पण हाक काय मारणार? तिचं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं.