गाळलेली ओळ आणि चहाची किटली

"उठलं! उठलं! पान उठलं!"

ग्रंथसंग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात पुढची माणसं ओरडली, आणि मागच्यांनी काय उठलं ते न दिसताच हात जोडले. दालन छोटं, खिडक्या बंद, माणसांवर माणसं. मधोमध टेबल, टेबलावर तिरकी फळी, फळीवर एक तपकिरी पान. त्या पानाचा खालचा कोपरा खरोखरच हळूहळू वर येत होता. झोपेतल्या माणसाने एक पापणी उचलून 'किती वाजले?' विचारावं, तसा.

टेबलामागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत एक गृहस्थ डोळे मिटून उभा होता. लोक त्याला 'वाचक' म्हणत. मी 'डोळेमिटे' म्हणायचो. मनातल्या मनात, कारण मी त्याच इमारतीत नोकरीला होतो. जुन्या पानांचे फोटो काढणं हे माझं काम. पानं हलत नाहीत आणि 'मी जाड दिसतोय' म्हणत नाहीत, म्हणून मला ते आवडायचं. आता पानंही हलायला लागली होती.

पान होतं बायबलमधलं. ग्रीक भाषेतलं, वासराच्या कमावलेल्या कातड्यावर दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने उतरवून काढलेलं. त्यावर एका आंधळ्याची गोष्ट होती. तो वाटेवर बसलेला असतो, हाक मारतो, त्याला जवळ बोलावतात आणि त्याला दिसायला लागतं.

"मला ग्रीक येत नाही," डोळेमिटे गर्दीला सांगायचा. "मी शाळेत स्वतःच्या भाषेत नापास झालोय!" हे तो अशा थाटात सांगायचा की पास झालेल्यांना लाज वाटावी. "पण हे कातडं आहे. कातड्याला आठवण असते. ते कंपन सोडतं. मी कोण? मी नुसती अँटेना!"

"किती नम्र आहेत हो," माझ्या शेजारचे काका गहिवरून म्हणाले.

मग अँटेना पानावर हात धरायची आणि मिटल्या डोळ्यांनी घडाघडा ग्रीक म्हणून दाखवायची. त्यानंतर अर्थ. शेवटचं वाक्य नेहमी तेच, आवाज चढवून: "आणि तत्क्षणी त्याला दिसू लागलं!" बरोबर त्याच सुमारास कोपरा उठायचा. मग कापूस वाटला जायचा. पानाशेजारी ठेवलेला हा कापूस रात्री डोळ्यांवर ठेवायचा. पथ्य एकच, औषधाचे थेंब बंद. "दोन लहरी एकमेकींना कापतात," तो म्हणायचा. कोणत्या दोन, ते कुणी विचारलं नाही.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण पहिल्या रांगेत माझी मावशी बसायची.

मावशीने मला वाढवलं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि माझेही, उरलेल्या कापडाचे. दोन वर्षांपूर्वी तिला काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ थेंब दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा आजार नजर कडेने खातो. मधलं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती या थेंबांवर टिकते."

ते थेंब तीन महिन्यांपासून फ्रिजमध्ये मोहरीच्या डब्यामागे पडून होते.

"मावशी, थेंब टाक."

"तू गप रे अतिशहाण्या. मला सगळं स्वच्छ दिसतंय. तुझ्या शर्टाचं दुसरं बटण सैल झालंय, ते दिसतंय की नाही मला?"

खरंच सैल झालं होतं. एवढं बोलून ती स्वयंपाकघरात निघाली आणि दाराच्या चौकटीला तिचा उजवा खांदा आपटला.

"चौकट फुगलीय," ती म्हणाली.

"लोखंडी आहे ती."

"लोखंडही फुगतं. आणि काय रे, पान उठतं ते काय उगाच?"

"पान उठलं म्हणून तुझा डोळा कसा बरा होईल?"

"मग ते उठतं कशाला?"

मी बटण शिवून घेतलं.

संग्रहालयात माझ्याइतकंच वैतागलेलं माणूस एकच होतं, ग्रीकच्या बाई. बारा वर्षं त्यांनी याच पानावर काढली होती. त्यांचं काम म्हणजे हे पान जगातल्या इतर जुन्या प्रतींशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. कुठल्या प्रतीत काय वेगळं, कुणी काय वाढवलं, कुणाचं काय गळलं. डोळेमिट्याच्या हट्टापायी पानावरची काच निघाली त्या दिवशी त्या थेट संचालकांच्या खोलीत शिरल्या. मी फोटो द्यायला तिथेच होतो.

"सर, दमट हवेने शाईचे पापुद्रे सुटतायत. लोक ज्याच्या पाया पडतायत त्याचाच भुगा करतायत!"

"बाई," संचालक प्रेमाने म्हणाले, "तुमच्या बारा वर्षांत त्या दालनात कोण कोण आलं?"

बाईंनी प्रामाणिकपणे आठवलं. "नळवाला आला होता."

"बघा!"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही देव मानत नाही, म्हणून ते ऐकत नसतील."

"कोण म्हणतं मानत नाही?" बाई उसळल्या. "मी रोज प्रार्थना करते. आणि प्रार्थना झाली की दाराला आतून कडी घालते. ऐका, रविवारी मला तुमचे फोटो लागतील. आणि तुमच्या टेबलावरची किटली."

संचालकांनी परवानगी दिली, कारण त्यांना वाटलं गर्दी वाढेल. बाहेर फलक लागला: 'विशेष कार्यक्रम'. गर्दी वाढली.

बाईंनी खणातून नव्या, कोऱ्या कातड्याचा एक तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. शेजारी आमची किटली. पाणी उकळलं, वाफ तुकड्यावर गेली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा कोपरा उठला. पानापेक्षा झोकात.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "कातडं हवेतला ओलावा पितं. त्याची केसांकडची बाजू वेगळी फुगते, मांसाकडची वेगळी, म्हणून कोपरा वळतो. तुम्ही इतके जण बंद खोलीत श्वास सोडता, घाम गाळता. पान तुमच्या वाफेने उठतं. खिडक्या उघडा, बाहेर जा, थोड्या वेळाने ते आडवं होईल. सकाळी कुणी नसताना काढलेले हे फोटो बघा. सपाट!"

फोटो हातोहात फिरले. मला वाटलं, झालं, सुटलो.

मागून एका बाईंचा थरथरता आवाज आला. "म्हणजे... किटलीतही आहे!"

"आहेच!" काका म्हणाले. "तो काय भांडं बघून येतो?"

"किटली किती जुनी आहे हो?" एकाने मला विचारलं.

"गेल्या वर्षीची. सेलमध्ये घेतली."

"बघा, साधेपणा बघा!"

दोघेजण किटलीच्या पाया पडले. एकाला चटका बसला. त्याला ती प्रचीती वाटली.

डोळेमिट्याने हसून दोन्ही हात पसरले. "बाईंनी तर माझंच काम केलं. मी कधी म्हटलं श्वास नको म्हणून? तुमचा श्वास हीच भक्ती!"

बाईंचे कान लाल झाले. पण बारा वर्षं एका पानाकडे बघत बसणाऱ्या माणसाचा दम मोठा असतो. त्यांनी मला खूण केली. मी पानाचा मोठा केलेला फोटो भिंतीवर लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वाचक महाराज," बाई म्हणाल्या, "ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणता? ग्रीकमध्ये."

त्याने डोळे मिटले, हात धरला आणि म्हटलं. एक अक्षर चुकला नाही.

"छान. हे वाक्य या पानावर आहे?"

"पानच बोलतंय, बाई."

"मग ते जरा बोट ठेवून दाखवा. डोळे उघडले तरी चालतील."

डोळेमिट्याने एक डोळा किलकिला केला. भिंतीवर मोठाली अक्षरं एकाला एक चिकटून ओळीने उभी होती, शब्दांमध्ये कुठे जागा नाही. त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. गोष्टीचा शेवट म्हणजे शेवटची ओळ, हिशेब सरळ होता.

बाईंनी एक लांब कागदी पट्टी काढली. "हे ते वाक्य. दुसऱ्या एका जुन्या प्रतीच्या फोटोवरून कापून मोठं केलेलं. कुणालाही ग्रीक यायची गरज नाही. चित्र जुळवतो तसं ही पट्टी एकेका ओळीखाली धरा आणि अक्षरं जुळतात का बघा."

चौघं-पाचजण पुढे आले. वरून खाली, खालून वर पट्टी सरकवली. कुठेच जुळेना.

"नाही जुळणार," बाई म्हणाल्या. "ते वाक्य या पानावर नाहीच. याच्या आधीचं वाक्य आणि हे वाक्य एकाच शब्दावर संपतात. उतरवून घेणाऱ्याने मूळ प्रतीतून मान वर केली, तो शब्द लिहिला, परत मान खाली घातली आणि नजर चुकून दुसऱ्या जागच्या त्याच शब्दावर पडली. मधलं सगळं गळलं. नकला करणाऱ्यांची ही नेहमीची चूक. या पानावर आंधळा हाक मारतो, त्याला जवळ बोलावतात आणि पुढच्या ओळीत सगळे दुसऱ्या गावाला निघतात. या एका पानावर, महाराज, तो बराच होत नाही! तुम्ही छापील पुस्तकातून कुणाकडून तरी वाचून घेऊन पाठ केलंत. छापील पुस्तकात ते वाक्य असतं."

आता मात्र पळायला जागा नव्हती, असं मला वाटलं. मी तेव्हा भोळा होतो, म्हणजे त्या सकाळपर्यंत.

डोळेमिट्याने पुन्हा डोळे मिटले. मग गहिवरल्या आवाजात म्हणाला, "हेच! जे लिहिलेलं आहे ते कुणीही वाचेल. मी न लिहिलेलं वाचतो."

"अहाहा!" काका म्हणाले.

टाळ्या पडल्या. बाई खुर्चीत बसल्या. मला किटली कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली, पण तिच्याभोवती आता रांग होती.

"थांबा," पहिल्या रांगेतून आवाज आला. "मला बघू दे."

मावशी उठली. "तुम्हाला कुणाला जुळवता येत नाही. मी चौकडीच्या कापडाच्या रेघा शिवणीवर जुळवलेल्या आहेत. आण ती पट्टी." ती फोटोच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. शेवटच्या ओळीखाली पट्टी धरली आणि डावीकडून एकेका अक्षरावर बोट ठेवत निघाली. नाही जुळत, नाही जुळत, नाही जुळत. ओळीच्या मध्याच्या जरा पुढे तिचं बोट थांबलं.

"संपली ओळ," ती म्हणाली.

ओळ अजून हातभर पुढे जात होती. काळीभोर, तळहाताएवढी अक्षरं. सगळ्या दालनाला दिसत होती.

"मावशी," मी म्हटलं, "पुढे आहे अजून."

"कुठे पुढे? पुढे भिंत आहे."

मी तिची हनुवटी धरून मान उजवीकडे वळवली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग मान सरळ केली. मग पुन्हा वळवली. सरळ केली की अक्षरं जात होती, वळवली की येत होती.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं. घरातल्या चौकटीला माहीत होतं.

"वेळ लागतो, माई," डोळेमिटे मऊ आवाजात म्हणाला. "श्रद्धा ठेवा. डोळे मिटा, दिसेल."

मावशीने पट्टीची नीट घडी करून त्याच्या हातात दिली. "तुम्हाला नसलेली ओळ दिसते," ती म्हणाली, "आणि मला असलेली दिसत नाही. आपलं जमायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "चल रे अतिशहाण्या. दवाखाना रविवारी उघडा असतो का?"

नसतो. सोमवारी गेलो. डॉक्टरांनी तपासलं, आकृती काढून दाखवली. उजवीकडचा बराच भाग गेला होता. तो आता येणार नाही, कापसाने नाही आणि थेंबांनीही नाही. उरलेला थेंबांनी टिकेल. मावशी परतताना रस्ताभर एकच वाक्य बोलली: "तीन महिने फ्रिजमध्ये होते रे." मी एकही विनोद केला नाही. याची नोंद घ्यावी.

बाकी सगळं सुरळीत आहे. पानावर काच परत बसली, कारण आता पानाकडे कुणी बघत नाही. किटली पहिल्या दालनात दोरीच्या कुंपणात आहे, तिथे वाफ घ्यायला रांग लागते आणि अँटेना आता किटलीवर हात धरते. संचालक खूश आहेत. आम्ही चहा पातेल्यात करतो. बाईंच्या दालनात परवा एक माणूस आला. नळवालाच होता, पण त्याने बाईंनी कापलेली नवी पट्टी मागून घेतली आणि सगळ्या ओळींवर फिरवून बघितली. बाई दिवसभर गुणगुणत होत्या.

आणि मावशी सकाळी थेंब टाकते, डोळे पुसते आणि वर्तमानपत्र उघडते. प्रत्येक ओळ संपली असं वाटलं की मान थोडी आणखी उजवीकडे वळवून बघते, खरंच संपली का. बहुतेकदा संपलेली नसते.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमचे डोळे धड असतील तरीही मान वळवा. कुणी 'बघा, चमत्कार!' म्हटलं की खिडकी उघडून बघा, पट्टी लावून बघा, आणि जो डोळे मिटायला सांगेल त्याच्यासमोर ते जास्त उघडे ठेवा. देव मानायचा तर माना. फक्त थेंब मोहरीच्या डब्यामागे ठेवू नका.