लाल खणातला नारळ

नवघर रोडवरच्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गुरुवारी संध्याकाळी स्कूटरी कमी आणि चपला जास्त असायच्या. तिथे श्री स्पंदनानंद महाराजांचा दरबार भरे. सकाळी पाण्याच्या टँकरपाशी जे एकमेकांच्या बादल्या लाथाडत, तेच लोक संध्याकाळी इथे अंग चोरून एकमेकांना जागा करून देत. त्या गुरुवारी सगळ्यांच्या नजरा पुढच्या पाटावर होत्या. पाटावर काशीनाथ बसला होता, शर्टाची वरची बटणं उघडून आणि उजवा हात छातीवर ठेवून.

"ये भाई के सीने में मशीन है," महाराज माइकवर म्हणाले. महाराज हिंदी, मराठी आणि चिमूटभर गुजराती एकाच वाक्यात कालवत, त्यामुळे त्यांना कोणत्याच भाषेत पकडता येत नसे. "डॉक्टर बोलतो, हृदय मशीनचं ऐकतं. आज बघा कोणाचं ऐकतं. बबन, नाडी."

बबन हा महाराजांचा शिष्य. त्याने काशीनाथच्या छातीवरच्या हाताचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "सत्तर."

महाराजांनी लाल खणात गुंडाळलेला नारळ काशीनाथच्या डाव्या खांद्याखाली, टाक्यांच्या ताज्या व्रणावर टेकवला. "चल, आई. दौड."

"शंभर."

नारळ उचलला. "सत्तर." पुन्हा टेकवला. "शंभर." माणसं हात जोडून पुटपुटू लागली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला.

"कोणाला शंका असेल त्याने यावं, मोजावं," महाराज म्हणाले. अशा वेळी सहसा कोणी उठत नसतं. त्या दिवशी काशीनाथची बायको उठली.

सुगंधाने नवऱ्याचं मनगट धरलं. इस्पितळातून घरी आल्यापासून रोज सकाळी ती हेच करत होती, त्यामुळे त्याच्या नाडीची चाल तिच्या बोटांना तोंडपाठ होती. नारळ टेकला आणि नाडी धावली. खोटं काही नव्हतं. बबनने आकडा रचला नव्हता. नाडी खरोखर शंभरावर गेली होती, आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी एकसारखी पडत होती.

आणखी एक गोष्ट तिने पाहिली. तिच्या बांगडीत अडकवलेल्या सेफ्टीपिना एरवी खाली लोंबत. त्या आडव्या होऊन नारळाकडे वळल्या होत्या. नारळ उचलला तशा त्या खाली पडल्या.

"पटली खात्री, बेटी?" महाराजांनी विचारलं.

"नाडी वाढली," सुगंधा म्हणाली. लोकांनी त्याचाही जयजयकार केला.

मग महाराजांनी पुढच्या गुरुवारचा कार्यक्रम सांगितला. यंत्र-विसर्जन. भक्त दोन्ही हात आकाशाकडे उंच करून शक्ती घेईल, आणि मग महाराजांच्या ओळखीचा एक डॉक्टर ते मशीन काढून टाकेल. तोवर इस्पितळाची पायरी चढायची नाही.

हे ऐकून काशीनाथचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. तेच सुगंधाला जास्त लागलं.

काही आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या जिन्यात काशीनाथ कोसळला तेव्हा त्याची नाडी तिशीत उतरली होती. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला ठोक्याचा इशारा खाली पोचतच नव्हता. मुंबईच्या एका इस्पितळात त्याच्या कातडीखाली पेसमेकर बसवला, त्याची वायर शिरेतून हृदयात सोडली. माणूस वाचला, पण वाचल्याचा त्याला आनंद झाला नाही. "सेलवर चालणारं खेळणं झालोय मी," तो म्हणे. स्वतःच्या नाडीला तो बोट लावत नसे. सुगंधा मोजायला बसली की तोंड फिरवून विचारी, "चालू आहे ना?" डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून ती त्याला शर्ट घाली, केस विंचरी. तो ते निमूट सोसत असे, आणि ते सोसणं तिला शिव्यांपेक्षा कठीण जाई.

समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेननी त्या काळात दोन्ही वेळचं जेवण पाठवलं होतं. दरबाराला त्यांनीच नेलं. बाई मनाने चांगली होती. असल्या महाराजांचा धंदा चांगल्या मनाच्या बायकांवरच चालतो.

"तू स्वतः मोजलंस," काशीनाथ घरी आल्यावर म्हणाला. "अजून काय हवं तुला?"

"मोजलं. पण का वाढली ते कळलं नाही. अहो, एकदा तपासणीला चला. मग गुरुवारी मी स्वतः तुम्हाला दरबारात घेऊन येते."

तो कुरकुरत गेला. तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी कपाटातून एक जाड कडं काढलं आणि त्याच्या व्रणावर धरलं. शर्टाची कॉलर बाजूला करायला सुगंधा वाकली, आणि बांगडीतल्या पिना आडव्या झाल्या. यंत्राच्या कागदावर ठोक्यांच्या रेघा दाट आणि एकसारख्या उमटू लागल्या.

"नाडी शंभर झाली असेल," सुगंधा म्हणाली.

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

सुगंधाने दरबार सांगितला. डॉक्टरबाईंचा चेहरा कडक झाला. "हे लोहचुंबक आहे. ते जवळ आलं की पेसमेकरमधली एक कळ मिटते आणि यंत्र ठरलेल्या एका वेगाने ठोके देतं. बाजूला केलं की पुन्हा पहिल्यासारखं. बॅटरी तपासायला आम्ही करतो, घरी खेळ म्हणून करायचं नाही. आणि काशीनाथराव, तो हात वर नेण्याचं मनातसुद्धा आणू नका. वायरचं टोक अजून आत रुजलेलं नाही. ते सरकलं तर यंत्र चालू राहील, पण ठोका हृदयाला पोचणार नाही. जिन्यात पडलात तसे पुन्हा पडाल. या वेळी उठाल याची हमी मी देणार नाही."

परतीच्या रिक्षात काशीनाथ म्हणाला, "डॉक्टर चुंबकाने करतात. महाराज शक्तीने करतात. त्यांच्या नारळात चुंबक आहे, हे तू पाहिलंस?"

"नाही."

"मग?"

प्रश्न रास्त होता. सुगंधाने नाक्यावर रिक्षा थांबवली आणि एक नारळ घेतला.

पुढच्या गुरुवारी पार्किंग फाटकापर्यंत भरलं होतं. "आज मशीन की छुट्टी," महाराज गर्जले. काशीनाथ पाटावर बसला. नारळ टेकवायला महाराज पुढे झुकले तेवढ्यात सुगंधा उठली. तिच्या हातातही लाल खणात गुंडाळलेला नारळ होता.

"महाराज, आई तुमच्या नारळातच आहे की सगळीकडे?"

"बेटी, आई तर कण कण में आहे."

"मग ह्याही नारळात असेल. हा लावा."

महाराज हसले. हसू जरा जास्त वेळ टिकलं. "हा सिद्ध नाही."

"तुम्ही आहात ना सिद्ध," सुगंधा म्हणाली.

मागून हंसाबेनचा आवाज आला. त्यांना बिचाऱ्यांना हे सगळं खरंच वाटत होतं. "लगाओ ना महाराज. श्रीफळ तो श्रीफळ छे."

लोकही तेच म्हणू लागले. महाराजांना नारळ घ्यावा लागला. त्यांनी तो टेकवला, आईला हाक मारली. बबनने मनगट धरलं आणि लगेच सांगितलं, "शंभर."

"बबन, बोट टेकायच्या आधीच मोजून झालं?" सुगंधाने विचारलं. मागे कोणीतरी हसलं.

काशीनाथने बबनच्या हातातून मनगट सोडवलं. डाव्या हाताची बोटं हळूच उजव्या मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिला. पार्किंगमध्ये पंख्याचा तेवढा आवाज होता. आपल्या हृदयाला तो पहिल्यांदाच हात लावत होता.

"सत्तर," तो म्हणाला.

"श्रद्धा डळमळली की शक्ती थांबते," महाराजांचा आवाज चढला. "हात उचल, भक्ता. दोन्ही हात. आत्ता."

काशीनाथने डावा हात मांडीवर ठेवला. "नाही. डॉक्टरांनी मना केलंय."

सुगंधाने बांगडीतून पिनांचा झुपका काढला आणि पाटाशेजारी ठेवलेल्या महाराजांच्या नारळाजवळ नेला. पिना तिच्या बोटांतून निसटल्या आणि खणाला चिकटल्या. "बायांनो, तुमच्या बांगड्यांतल्याही आणा."

पिना नाहीत अशी बांगडी त्या गर्दीत नव्हतीच. पहिल्यांदा हंसाबेन आल्या. बघता बघता नारळाला लोखंडी दाढी उगवली. एकाने खण फेडला. करवंटी मधोमध कापून पुन्हा डिंकाने जोडलेली होती. ती जमिनीवर आपटली तसं आतून जुन्या लाउडस्पीकरचं काळं लोहचुंबक बाहेर पडलं आणि बबनच्या पायाशी गरगरत थांबलं.

हंसाबेननी बबनची कॉलर धरली. "बोल, किसने सिखाया?"

"आधी आम्ही चुंबकाचे पट्टे विकायचो," बबन खाली मान घालून म्हणाला. "कंबरदुखीचे, बीपीचे. एका म्हाताऱ्याने छातीपाशी पट्टा धरला नि त्याची नाडी पळाली. त्याच्याही छातीत मशीन होतं. महाराज म्हणाले, पट्टे बास झाले."

सगळ्यांनी महाराजांकडे वळून पाहिलं. पाटाशेजारी फक्त चांदीच्या खडावा होत्या. भक्तांना आकाशाकडे हात करायला लावणारा माणूस मागच्या गल्लीतून अनवाणी पळाला होता. तो कुठेतरी दुसऱ्या पार्किंगमध्ये बसेल, दुसरं नाव घेईल. काशीनाथची वायर सरकली असती, तरी त्याने हेच केलं असतं.

माइक चालूच होता. सुगंधाने तो हातात घेतला.

"नाडी वाढली ते मी माझ्या बोटांनी पाहिलं होतं. मीसुद्धा तुमच्यासारखी गप्प बसले. डोळ्यांना दिसलं म्हणजे कारण कळलं, असं नाही. माझ्या नवऱ्याचं हृदय एका यंत्रावर चालतं. ते यंत्र माणसांनी विचार करून, चुका करून, पुन्हा मोजून बनवलंय. त्याची आम्हाला लाज नाही. कोणी चमत्कार दाखवला तर पाया पडायच्या आधी एवढंच करा. दुसरा नारळ मागा. जो खरा असेल तो देईल."

ती काशीनाथच्या शर्टाची बटणं लावायला वाकली. त्याने तिचा हात थांबवला.

"लावतो मी," तो म्हणाला, आणि डावा हात खांद्याच्या खालीच ठेवून एकेक बटण लावू लागला.