सदतीस अंशांवरचे मणी

सोमवारी सकाळी फ्रीज उघडला तर मण्यांची बाटली तिथे नव्हती. ती सापडली इनक्युबेटरमध्ये, सदतीस अंशांवर. शुक्रवार संध्याकाळपासून तिथेच होती.

मणी म्हणजे साबुदाण्याएवढ्या जेलच्या गोळ्या. प्रत्येकीत असंख्य जिवाणू अडकवलेले. त्यांच्यातलं एक एन्झाइम फ्युमॅरिक आम्ल आणि अमोनिया जोडून अस्पार्टिक आम्ल, म्हणजे एक अमिनो आम्ल, तयार करतं. अंधेरीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी तीन महिने यावरच होते. शुक्रवारी ते फारच थोडं तयार झालं होतं. आज चार वाजता आमचे संचालक विद्याधर सर निकाल बघणार होते.

बाटली दत्तारामांनी ठेवली होती. बावीस वर्षं ते इथे मदतनीस आहेत. दिंडोशीहून सगळ्यांच्या आधी येतात. शुक्रवारी निघताना मी त्यांना "मणी नीट ठेवा" एवढंच सांगितलं होतं. फ्रीजचं नावही घेतलं नव्हतं, हे त्यांना जाब विचारतानाच मला आठवलं.

"जिती वस्तू उबेत ठेवूक व्हयी," ते म्हणाले. "म्हणान ठेवलंय."

एक मणी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जिवाणूंच्या बहुतेक पेशी फुटलेल्या होत्या.

दत्तारामांना यंदा एक मेमो मिळाला होता. दुसरा मिळाला की नोकरी जाणार, तीही निवृत्तीला अकरा महिने उरलेले असताना. आणि प्रयोगाच्या वहीत जे घडलं तेच लिहायचं असतं. मी तारीख घातली आणि पेन बंद केलं.

मणी टाकून देऊ का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, आधी बघू.

मणी काचेच्या नळीत भरले, वरून फ्युमॅरिक आम्ल आणि अमोनियाचं द्रावण सोडलं. खाली आलेला थेंब त्यांनी आणून दिलेल्या प्लेटवर ठेवला, निनहायड्रिन फवारलं, प्लेट गरम केली. अमिनो आम्ल असेल तर जांभळा डाग उमटतो. शुक्रवारचा डाग जेमतेम दिसत होता. आजचा पिकल्या जांभळासारखा.

विश्वास बसेना. फुटलेल्या पेशींमधलीच अमिनो आम्लं बाहेर आली असतील. मणी तीनदा धुतले, ताजं द्रावण सोडलं. तोच डाग. मग फ्युमॅरिक आम्ल किती उरलंय ते मोजलं. जवळजवळ संपलं होतं. शुक्रवारच्या नऊपट काम झालं होतं.

आता कळलं. पेशीचं आवरणच आड येत होतं. ते फुटलं, पण एन्झाइम जेलमध्येच अडकून राहिलं, आणि द्रावणाला आत-बाहेर मोकळी वाट मिळाली.

मी स्टूलवर बसले. सकाळपासून बसलेच नव्हते. दत्तारामांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मेमो नाय?"

"नाही. उलट यापुढे असंच ठेवायचं."

त्यांनी नळीकडे पाहिलं. "मेल्यावर पण सुट्टी नाय बिचाऱ्यांका," ते म्हणाले. मला हसू आवरेना.

वहीत मी लिहिलं : माझ्या सूचनेत तापमान नव्हतं. दत्तारामांनी मणी बाटलीतल्या द्रावणासकट सदतीस अंशांवर ठेवले. पुढे आकडे.

चार वाजता सरांनी वही वाचली, प्लेट उजेडात धरली. डागाच्या बाजूला, कडेला, एक अंगठा उमटला होता, तोही जांभळा. घामातही अमिनो आम्लं असतात.

"दत्ताराम," सर म्हणाले, "हातमोजे घालत जा."

दत्तारामांनी दोन्ही हात खिशात घातले.