टेंबवाडीची हातवाली खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या घरातली मोठी माणसं लगेच राजकारणावर घसरतात. कोण खुर्चीला चिकटलं, कोणाची खुर्ची गेली, हेच त्यांच्या तोंडी. माझ्यासाठी मात्र आजवर कोणी भांडलेलं नाही. मी देवरूखच्या पुढे डोंगरात असलेल्या टेंबवाडीतली एक म्हातारी लाकडी खुर्ची आहे. वाडीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या घरोघरी आहेत, पण जाड, रुंद हातांची अशी मी एकटीच. त्या हातांनीच माझं आयुष्य ठरवलं.

मी फणसाच्या लाकडाची. आमच्या वाडीतल्या मराठी शाळेची तपासणी करायला साहेब येणार होते आणि त्यांना बसायला धड काही नव्हतं. तेव्हा आप्पा सुतारांनी परसात पडलेला फणस कापून मला घडवलं. साहेब जाडजूड निघाले तर काय, या काळजीने त्यांनी माझे हात चांगले वीतभर रुंद केले आणि पायांना दुहेरी पट्ट्या मारल्या. साहेब आले ते अगदीच किडकिडीत. माझ्यात ते हरवूनच गेले. मुलं हसली, गुरुजी डोळे वटारून बघू लागले, आणि साहेब उठताना म्हणाले, "खुर्ची मजबूत आहे हो." ते माझं पहिलं कौतुक. अजून विसरलेली नाही.

पुढे आईबाप मुंबईला गेले, त्यांच्यामागून मुलं गेली आणि शाळेला कुलूप लागलं. मला उचलून देवळाच्या मंडपात आणून ठेवलं. हे देऊळ वाडीच्या टोकावर आहे. मोबाइलची रेंज मिळते ती फक्त त्याच्या पायरीवर. त्यामुळे वाडीची सगळी सुखदुःखं माझ्या कानांवर पडतात. मी चोरून ऐकते असं समजू नका, लोकच मोठ्याने बोलतात.

आता माझं खरं काम सांगते. टेंबवाडीला रस्ता नाही. जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. ती उतरलं की वहाळ, म्हणजे ओढा लागतो, वहाळ ओलांडून बरंच चाललं की मग कुठे डांबरी रस्ता आणि एसटीची शेड. वाडीत कोणी आजारी पडलं की माझ्या दोन्ही हातांखाली एकेक लांब बांबू घालतात आणि सुंभाने करकचून बांधतात. चार टोकं चौघांनी खांद्यावर घेतली की झाली डोली. पाखाडी उतरताना मला उलटी, पाठ उताराकडे करून धरतात, म्हणजे बसलेलं माणूस पुढे घसरत नाही. ते पाठ टेकून लांब जाणारी आपली वाडी बघत राहतं. अडलेल्या बाळंतिणी, तापाने फणफणलेली पोरं, सर्पदंश झालेले गडी, सगळ्यांना मी खाली नेलं आहे. कोणाला पाडलं नाही, एवढा माझा अभिमान.

माझं आणखी एक काम आहे, ते ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. निवडणूक जवळ आली की रस्त्याच्या भूमिपूजनाला कोणीतरी साहेब येतात. मग बांबू सोडून माझं अंग ओल्या फडक्याने पुसतात, वर नवा टॉवेल घालतात आणि साहेबांना माझ्यावर बसवतात. वाडीतला मान द्यायचा तो मीच देणार ना! पक्ष बदलले, साहेब बदलले, नारळ मात्र त्याच एका धोंड्यावर फुटले. मागच्या साहेबांनी माझ्या हातांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे वळ कसले?" ते सुंभाचे वळ होते. लवूकाका सांगायला पुढे झाले, तेवढ्यात साहेबांबरोबर आलेला एक जण म्हणाला, "उंदरांनी कुरतडलंय, साहेब." साहेब हळहळले आणि फोटो काढून गेले. मला त्या दिवशी फार राग आला. उंदरांनाही आला असेल.

हे लवूकाका म्हणजे आमच्या वाडीचा आधार. साठी उलटली तरी शिमग्यात देवाची पालखी नाचवायला पहिला खांदा त्यांचाच असतो. त्यांच्या शेजारी त्यांची वहिनी, गोदूबाई, आपल्या सुनेबरोबर राहते. सुनेचं नाव समीक्षा. गोदूबाईचा मुलगा नितेश मुंबईला एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. ही एवढीच माणसं लक्षात ठेवा, माझी गोष्ट त्यांचीच आहे.

गेल्या वर्षी गोदूबाईच्या दोन्ही किडन्या थकल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा शहरात येऊन यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं. नाही केलं तर अंगात पाणी साठेल आणि श्वास कोंडेल. म्हणजे आठवड्यातून दोनदा मी. पण बांबूला टोकं चार, आणि वाडीत खांदा देण्याजोगे पुरुष उरले होते तीन. एरवी बायका पालखीला खांदा देत नाहीत, तशी आमच्याकडे रीतच आहे. डोलीलाही कधी दिलेला नव्हता. पहिल्याच दिवशी समीक्षाने पदर खोचला आणि चौथं टोक उचललं. ती उंचीने कमी, त्यामुळे मी एका बाजूला कलले. तेव्हा तिने डोक्यावर हंडा घेताना वापरायची कापडाची चुंबळ खांद्यावर ठेवली आणि तिच्यावर बांबू टेकवला. मी सरळ झाले. लवूकाकांनी मान डोलावली ती मी पाहिली.

मी कधी दवाखाना पाहिलेला नाही. मला एसटीच्या शेडमध्ये ठेवून ही माणसं जीपने पुढे जात. दिवसभर माझ्यावर कोणीही येऊन बसे, पेपर उघडे, वाचून संतापे आणि पेपर तिथेच टाकून निघून जाई. रोज संतापायला रोज नवा पेपर. संध्याकाळी गोदूबाई परत आली की तिच्या बसण्यावरून मला दवाखाना कळायचा. काम झालं असेल तर ती थकलेली पण हलकी असे. एकदा ती गेली तशीच जड परत आली. यंत्र बंद होतं, परवा या म्हणून सांगितलं होतं. समीक्षा चिडली होती. "सकाळी फोन करून सांगितलं असतं तर?" ती म्हणाली. गोदूबाई म्हणाली, "त्या यंत्रावरच्या पोराला कशाला बोलतेस? एकटाच होता तो. दोघांचं काम करत होता. सकाळपासून लोकांच्या शिव्या खाऊन त्याचंच तोंड सुकलं होतं." अशी ही बाई. आपण श्वासाला महाग, आणि दया दुसऱ्याची.

घरी आली की ती देवळाच्या पायरीवर बसून नितेशला फोन करायची. "मी बरी हाय. गाडी येते रे न्यायला." नितेशला वाटायचं, रस्ता झाला. भूमिपूजनाचा फोटो त्याच्या मोबाइलवर आला होता आणि खाली लिहिलं होतं, टेंबवाडीचं स्वप्न साकार. त्याने तो फोटो गोडाऊनमधल्या सगळ्यांना दाखवला होता. शिमग्याला त्याला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा खात्री करायला तो येऊ शकला नव्हता.

मग तो दिवस आला. पाखाडीच्या शेवाळलेल्या पायरीवरून लवूकाकांचा पाय सरकला. त्यांनी बांबू सोडला नाही, गुडघ्यावर आदळले आणि मला तशीच धरून राहिले. गोदूबाईला खरचटलंसुद्धा नाही. पण काकांचा गुडघा टम्म सुजला, आणि गोदूबाईने त्याच दिवशी ठरवलं.

"आता बास," ती समीक्षाला म्हणाली. "मी नाय येत. जितेपणी चार खांद्यांवर बसायचं, ते पण दुसऱ्याचे गुडघे फोडून? माणूस एकदाच जातं चार खांद्यांवर. मी आठवड्यातून दोनदा जाते."

"आई, असं बोलू नका."

"नितेशला सांगशील तर माझी शप्पथ हाय."

पुढची पाळी चुकली. मी देवळात बांबूंशिवाय उभी होते आणि पहिल्यांदाच मला मोकळं राहण्याची भीती वाटली. तिचे पाय सुजू लागले. पायरीपर्यंत येतानाही ती दोनदा थांबायची.

त्याच सुमारास कोणीतरी काढलेला डोलीचा जुना व्हिडिओ फिरत फिरत एका वाहिनीपर्यंत पोहोचला. दोघे जण कॅमेरा घेऊन धापा टाकत वर आले. त्यांना डोलीतला पेशंट हवा होता. गोदूबाईने सरळ सांगितलं, "मी आज कुठं जात नाय. दाखवायला म्हणून बसणार नाय." ते दोघे हिरमुसले. एक जण म्हणाला, "काका, टीव्हीवर आलं तर रस्ता होईल हो." लवूकाकांनी गोदूबाईच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला, लंगडत आले आणि माझ्यावर बसले. मला हसावं की रडावं कळेना. वाडीतल्या राहिलेल्या मंडळींनी कसंबसं उचलून त्यांना वाटेवरच्या आंब्याच्या झाडापर्यंत नेलं. काकांनी डोळे मिटून मान टाकली होती. मान जरा जास्तच टाकली.

संध्याकाळी ते बातम्यांत आलं, आणि देवळाच्या पायरीवर फोनचा धडाका सुरू झाला. मुंबईत टेंबवाडीची जेवढी माणसं होती, सगळ्यांनी पाहिलं होतं. पालखी नाचवणारे लवूकाका डोलीत! नितेशचा फोन आला तेव्हा काकाच पायरीवर होते.

"काका, काय झालंय तुम्हाला?"

"काय नाय रे. मी बरा हाय," काका ओशाळून म्हणाले.

ते ऐकून तर सगळ्यांची खात्रीच पटली. आमच्याकडे माणूस अगदी शेवटाला आलं की असंच बोलतं. नितेशच्या साहेबांनीही बातमी पाहिली होती. शिमग्याला न मिळालेली सुट्टी त्यांनी न मागता दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नितेश आणि वाडीतले मुंबईला असलेले सहा-सात जण पाखाडी चढून आले. पाहतात तो काका देवळाच्या मंडपात गुडघ्याला लेप लावून माझ्यावर बसलेले आणि पेज पीत असलेले.

नितेश भडकला. "काका, हे काय? आम्ही रात्रभर गाडीत रडत आलो. लाज नाय वाटली?"

काकांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. "वाटली ना. बसायला पायजे होती तुझी आय. ती बसंना, म्हणून मी बसलो."

गोदूबाई पोरांच्या पाठोपाठ पायरीवर येऊन उभी राहिली होती. नितेश वळला. तो तिच्या पायांशी बसला आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"आई, तू म्हणायचीस ना, गाडी येते?"

"येते की," ती हळू म्हणाली. "खालच्या रस्त्याला येते."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण नितेशला येत होतं, तो रडला. मग उठून त्याने स्वतः बांबू आणले. गोदूबाई नको म्हणून मान हलवू लागली. तिचं तेच म्हणणं, चार खांद्यांवर जितं माणूस शोभत नाही. पोरं समजावून थकली. तेव्हा समीक्षा आपली चुंबळ घेऊन पुढे आली.

"आई, शिमग्यात देव आपल्या दारात कसा येतो?"

"पालखीतून."

"पालखी कशावर असते?"

गोदूबाईची नजर काकांच्या खांद्याकडे गेली.

"चार खांद्यांवरच असते ना? देव काय मेलेला असतो?"

काका मोठ्याने हसले. गोदूबाईने सुनेकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमलं नाही. तीही हसली आणि माझ्यावर येऊन बसली. नितेश समीक्षाच्या हातातलं टोक घ्यायला गेला, तर ती म्हणाली, "तुमी पुढचं धरा. ही जागा माझी हाय." माझे बांबू उचलले गेले. शिमग्यातली पालखी नाचते तशी मी नाचले नाही, पण मनात ढोल वाजत होते, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्या दिवशी यंत्र चालू होतं. परत आली तेव्हा गोदूबाई हलकी होती.

पोरांनी उरलेली सुट्टी कुदळ-फावडी घेऊन काढली. डांबरी रस्त्यापासून वहाळापर्यंतची पायवाट त्यांनी खणून रुंद केली. आता रिक्षा वहाळापर्यंत येते. पुढची पाखाडी अजून माझ्याच वाट्याला आहे. पोरं पुन्हा मुंबईला गेली, पण आठवड्याला दोघं-दोघं पाळीने येतात. भूमिपूजनाच्या वेळी लावलेला साहेबांचा फलक वहाळाजवळ अजून उभा आहे आणि त्यावरचं स्वप्न अजून साकारच आहे.

संध्याकाळी मला पायरीपाशी, रेंजमध्ये आणून ठेवतात. गोदूबाई बांबू नसताना माझ्यावर येऊन बसते आणि नितेशला फोन लावते. आता ती बरी हाय म्हणत नाही. "आज धाप लागली. आज पाय जड हाय," असं सांगते. खरं सांगितल्यावर तिचा चेहरा किती निवांत होतो, ते मी रोज बघते.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगते. गावाकडची तुमची माणसं फोनवर बरं आहे म्हणाली, तरी कधीतरी येऊन त्यांचे पाय बघून जा. आणि दुसरं माझ्याविषयी. आम्हा जुन्या वस्तूंना नेहमी वाटतं, कोणी पुसावं, आठवण ठेवावी, अडगळीत टाकू नये. माझं तसं नाही. टेंबवाडीच्या देवळापर्यंत एक दिवस गाडी येऊ दे. तिच्यातून गोदूबाई आपल्या पायांनी उतरू दे. माझे बांबू कोणीतरी मांडवाला नेऊ दे, आणि माझ्या या रुंद हातांवर इतकी धूळ साचू दे की सुंभाचे वळ दिसेनासे होतील. तेव्हा तुम्ही आलात, तर मला पुसू नका.