लोटलेलं दार

मनकर्णाबाईंचं तोंड फटकळ होतं, पण शब्दाला त्या पक्क्या होत्या. नगरपालिकेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या. यांनी जेलमधून सुटलेल्यांना कामाला लावायचं खूळ डोक्यात घेतलं. माणसांना तोटा नव्हता. कामाचीच मारामार होती.

सांडू चौदा वर्षं आत काढून आला. सुतारकाम तिथंच शिकला, आणि हात असा की बघत राहावं. पण कुठं शिकलास म्हणून विचारलं की संपलं, कुणी घेईना. बाईंनी त्याच्यासाठी छावणीतल्या गयासच्या फर्निचर कारखान्यात चार खेपा घातल्या. शेवटी गयास वैतागून म्हणाला, "ठीक है, भेजो. पण पहिल्याच दिवशी लेट आला तर त्यालाबी नाय घेणार, आन् तुम्हीबी परत कुणाला आणायचं नाय."

सोमवारी साडेनऊला त्याचा फोन आला. "बाई, आठचं टायमिंग आहे. तुमचा आदमी आयाच नहीं."

बाईंचं डोकं सणकलं. रिक्षात बसून त्यांनी वाटभर सांडूचा मनातल्या मनात उद्धार केला. आणि पोचून बघतात तर काय, स्वारी कारखान्याच्या दाराशेजारी भिंतीला लागून उकिडवी बसलेली. मांडीवर जेवणाचा डबा.

"कधी आलास रे?"

"सातला, बाई."

"मग आत जायला काय झालं होतं?"

"दार लावलेलं हाय ना."

दाराला कडी नव्हतीच. भुसा उडू नये म्हणून ते नुसतं लोटलेलं असायचं. सांडूच्या देखत सहा कामगार ते ढकलून आत गेले होते. असेल कुणी गिऱ्हाईक, म्हणून एकानंही त्याला हटकलं नव्हतं.

"अरे, ढकलायचं की!"

सांडू ओशाळला. "चौदा वर्षं दाराला हात लावला नाय, बाई. तिथं उघडणारा येगळा असतो, आपुन बसून ऱ्हायाचं. म्हणलं, इथंबी कुणीतरी नाव पुकारंल."

आवाज ऐकून गयास बाहेर आला होता. त्यानं हनुवटी खाजवली, घड्याळात पाहिलं. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"हे दार खाली घासतंय," तो सांडूला म्हणाला. "बिजागऱ्या खोल, रंधा मार आन् परत बसव."

सांडूनं पेचकस मागितला. दहा मिनिटांत दार आडवं झालं, आणि रंध्याखालून पहिली साल सरळ, अखंड निघाली. गयासनं ती बोटांत धरून पाहिली. "जाओ बाई, तुम्ही. उद्या फोन नाय करणार."

बाई खुशीत रिक्षात बसल्या. रिक्षा सुरू झाली आणि त्यांना फकिरा आठवला.

गेल्या वर्षी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी त्यालाही, सुटून आल्यावर, असंच कामाला लावलं होतं. पहिल्याच दिवशी मालकाचा निरोप आला, माणूस आलाच नाही. "मी तिथंच व्हतो, बाई," फकिरा शपथेवर सांगत होता. बाईंनी चारचौघांत त्याला खोटारडा ठरवून हाकलला. तिथं म्हणजे कुठं, एवढं काही त्यांनी विचारलं नव्हतं. तो परत कधी आला नाही.

आता लाजेनं त्यांचे कान तापले.

"घरी ना, बाई?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नाय. चिकलठाण्याला घे."

वर्षभरानं फकिरा तिथं असायचं काही कारण नव्हतं. पण शोधायला सुरुवात कुठून तरी करायलाच हवी होती.