सोवळ्याचं पाणी

पळीच्या टोकाशी थेंब लोंबत होता. पडत नव्हता. तांब्याची जुनी पळी, वर नागाची फणी, फणीचा एक डोळा घासून घासून गेलेला. आणि खाली हा थेंब, ज्यात खिडकीचे गज उलटे दिसत होते, देव्हाऱ्यातली समई उलटी दिसत होती, आणि मधोमध काहीतरी काळं, तुळशीच्या मंजिरीचं बी असेल, किंवा नसेलही… कमळाबाईंनी पळी डोळ्यांजवळ नेली. चाळिशी पलीकडे कोनाड्यात होती. सोवळ्यात चष्मा लावायचा नाही असा काही नियम नव्हता, पण त्या लावत नसत. देवाच्या वस्तू इतक्या निरखून पाहायची वेळ आजवर आली नव्हती.

थेंब पडला. पंचपात्रीतलं पाणी हललं, पुन्हा स्थिर झालं. स्वच्छ होतं. तळाशी पंचपात्रीवरचं नक्षीकाम दिसत होतं, इतकं स्वच्छ.

आतल्या खोलीत सून, मालन, झोपलेली होती. श्वास ऐकू येत होता, तापातला, आखूड, मध्येच अडकणारा. कमळाबाई तो श्वास मोजत नव्हत्या. पण तो थांबला की त्यांचा जपही थांबे.

बाराव्या दिवशी ताप उतरला होता. मुंबईहून आणलेल्या त्या कॅप्सुला, मुलगा विश्राम दोन गाड्या बदलून घेऊन आला होता, त्यांनी उतरला असं डॉक्टर म्हणाले. कमळाबाईंनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, त्यांनीही उतरला असेल. आठ दिवस पोरीचं अंग गार राहिलं. भाताची पेज घेऊ लागली, उशाला टेकून बसू लागली, एकदा हसलीसुद्धा. आणि परवा संध्याकाळी पुन्हा हात लावला तर तवा.

काल डॉक्टर आले तेव्हा बराच वेळ नाडी धरून बसले. मग विश्रामला नाही, मालनलाही नाही, थेट कमळाबाईंनाच विचारलं,

"कमळाबाई, पाणी उकळता ना?"

"हो. सगळं. दोनदा उकळते."

"नळाचं?"

"नळाचंच. विश्राम भरून आणतो."

"मग पुन्हा कसा चढला? तसा उलटतो कधीकधी हा ताप, पण…" ते थांबले. "कच्चं पाणी कुठून पोटात जात नाही ना? एखादा घोट? चूळ भरताना वगैरे?"

आणि त्या गप्प बसल्या.

खोटं बोलले नाही मी. त्यांनी पाण्याचं विचारलं, मी पाण्याचं सांगितलं. तीर्थ म्हणजे का पाणी? तीर्थाला कुणी पाणी म्हणतं? …काल रात्री डोळा लागेपर्यंत हेच चाललं होतं आणि पहाटे विहिरीवर कळशी बुडवतानाही हेच. रहाट कुरकुरला, पावसाने विहीर अजून वरपर्यंत भरलेली, दोर चार हातसुद्धा सोडावा लागला नाही. ओल्या लुगड्याने कळशी आणली, दुहेरी फडक्यातून गाळली, बाळकृष्णाला स्नान घातलं. ते पाणी ताम्हनात उतरलं, ताम्हनातून पंचपात्रीत. ते गंगा झालं. चोवीस वर्षं रोज होतंय.

नळ गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा सगळ्यांनी नारळ फोडला. कमळाबाईंनीही हळदकुंकू वाहिलं. पण त्या नळाच्या पोटात चामड्याची चकती असते, पाणी तिला घासून येतं, हे त्यांना नवऱ्यानेच सांगितलं होतं, हसत हसत. आणि तेवढं पुरे झालं. पिण्याला नळ, देवाला विहीर. घरात कुणी हरकत घेतली नाही. मालन लग्न होऊन आली तेव्हा तिलाही हे दोन हंडे दाखवले होते. "हा आपला, हा त्याचा. त्याच्याला हात नको लावूस हं." पोर शीळफाट्याच्या पलीकडच्या खेड्यातली, तिच्याकडे सगळं पाणी एकाच ओढ्याचं, ती नुसती मोठे डोळे करून बघत राहिली होती.

विश्राम मघाशी कामावर गेला. रोजच्यासारखाच दाराशी उभ्या उभ्या, एका पायात चप्पल, उजवा तळवा पुढे. त्यांनी पळी ओतली. त्याने सुर्रकन ओढलं, ओला हात डोक्यावरून फिरवला.

"आई, आज डॉक्टर पुन्हा येतील. काही विचारलं तर नीट सांग गं. काल मध्येच गप्प झालीस."

"सांगते."

त्याला दिलं. विचार न करता दिलं, असं आता वाटतंय. पण तसं नव्हतं. विचार करूनच दिलं. न देऊन चाललं नसतं म्हणून दिलं. सहा वर्षांचा होता तो. आतल्याच खोलीत, मालन आहे त्याच कोपऱ्यात तापाने पडलेला, आणि त्या वेळच्या वैद्यांनी चटईवरून उठताना कमळाबाईंच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात बघून त्या मागच्या दाराने निघाल्या होत्या, विहिरीवर, डोक्यावरून घागर ओतून घेतली, आणि तशाच निथळत देवासमोर येऊन नवस बोलल्या होत्या. जोवर कळशी उचलायचं बळ आहे तोवर रोज तुला ह्या हाताने पाणी आणीन, घरातल्या प्रत्येकाला तुझं तीर्थ देईन आणि मगच माझ्या तोंडात थेंब घालीन. तिसऱ्या दिवशी विश्रामने डोळे उघडून "बेसनाची वडी" असं म्हटलं होतं. एवढंच.

तेव्हापासून एक दिवस खंड नाही. नवरा गेला त्या दिवसांतही शेजारणीकडून करवून घेतलं. आणि आता एका माणसाला वगळलं तर… ज्याच्यासाठी बोलले होते तो बाहेर रस्त्यावर असतो, रूळ ओलांडतो, गिरणीत पट्ट्यांच्या मध्ये उभा असतो. देव हिशेब चुकवत नाही असं सगळे म्हणतात. ते म्हणताना लोकांना बरं वाटतं. मला आज भीती वाटते.

पण मालनही रूळांच्या मध्येच झोपलीये.

तीर्थाचा श्लोक त्यांनी मनात म्हणून पाहिला. अकाली मरण हरण करणारं, सगळ्या व्याधी नाहीशा करणारं हे पाणी मी पोटात धारण करते… पाणीच म्हटलंय तिथे. इतकी वर्षं म्हणते आहे, आणि पाणीच म्हटलंय.

त्या उठल्या. पंचपात्रीवर झाकण ठेवलं. मालन जागी होईपर्यंत वेळ होता, आणि तीर्थ दिल्याशिवाय स्वतः काही घ्यायचं नव्हतं. घसा कोरडा पडला होता. रिकामी कळशी घेऊन त्या मागच्या दाराने निघाल्या. पाणी आणायचं नव्हतं. नुसती विहीर बघायची होती, पण नुसतं विहीर बघायला जाणारी बाई लोकांना बरी वाटत नाही, म्हणून कळशी.

विहीर आवडाबाईंची. पूर्वी त्यांची मिठागरं होती खाडीच्या अंगाला, आता जागा होत्या, भाडेकरू होते. आवडाबाई काठावरच्या दगडावर बसून दातांना मशेरी लावत होत्या.

"काय गो कमळाबाय, आज दुसऱ्यांदा? देवाला ताप आलाय का सुनेला?"

"तिलाच. पुन्हा चढला."

"अगो बाय माझे." मशेरी थांबली. "मंग हितं काय करतेस? जा, तिच्या उशाशी बस. आन् ह्या पानी नेऊ नको आता, मी सांगते. आमच्या म्हशी पन तोंड लावत नाय त्याला."

"म्हशी का नाही लावत?"

"ता बघ ना." आवडाबाईंनी हनुवटीने दाखवलं. फाळणीनंतर वस्ती वाढली तशी त्या बाजूला नवी चाळ उठली होती, आणि चाळीच्या मागे संडासांची रांग. रांगेखालून एक चर निघाला होता, हिरवट, पावसाने रुंदावलेला. तो विहिरीपर्यंत येत नव्हता. दहा-बारा पावलं अलीकडे जमिनीत जिरत होता.

जिरत होता. कमळाबाई त्या जागेकडे बघत राहिल्या. तो चर त्यांनी रोज ओलांडला होता, सोवळं वर उचलून, पाय लागू नये म्हणून. लागला तर परत आंघोळ. चोवीस वर्षांत लुगड्याचा काठ कुणाला लागू दिला नव्हता. आणि जमिनीच्या आत काय कशाला लागतं आहे, तिथे कोण बघायला गेलं होतं…

"गेल्या पावसात सांगितला होता मी तुला," आवडाबाई म्हणाल्या. "तू म्हनलीस, वाहतं पानी शुद्ध."

म्हणाले होते का मी असं? म्हणाले असेन. विहीर कुठे वाहते?

तेवढ्यात म्युन्सिपाल्टीचा माणूस आला. काळुराम म्हणून होता, खाकी अर्धी विजार, हातात पत्र्याचा डबा, अंगाला त्या पांढऱ्या पावडरीचा नाकात चढणारा वास. वस्तीत चार तापाचे रोगी निघाले होते, म्हणून विहिरींमधून औषध टाकत फिरत होता. डबा काठावर ठेवून त्याने कानामागची पेन्सिल काढली.

"बोला. ह्या विहिरीचं पाणी पितं का कोण?"

"आमी नाय पीत बाबा," आवडाबाई म्हणाल्या. "भांडी, धुनी. बस."

"तुम्ही?"

कमळाबाईंच्या कमरेवर कळशी होती. घासलेली, लखलखीत, उन्हात सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारी.

"नाही," त्या म्हणाल्या. "देवाला फक्त."

काळुराम हसला. "मग चाललं. देवाला कुठं हगवण लागतीये."

आवडाबाईही हसल्या, मशेरीचा काळा थुंका टाकून. त्याने डबा उपडा केला. पांढरी धूळ पाण्यावर पसरली, ढगासारखी खाली उतरत गेली. "दोन दिवस वास येईल. पण प्याचं नाही हां तरी. लिहू ना, पिण्यास वापर नाही?"

"लिहा."

त्याने लिहिलं. पेन्सिल पुन्हा कानामागे गेली.

हे मात्र खोटं होतं. काल गप्प बसले ते अर्धं होतं, आज पुरं झालं. व्रताला खोटं चालत नाही, हे मालनला मीच सांगितलंय. संकष्टीला तिने चुकून फुटाणे खाल्ले आणि "नाही खाल्ले" म्हणाली तेव्हा… ते खोटं सापडलं होतं, ओठाला साल होतं. किती रडली होती. "उपास मोडला तर मोडला," मी म्हटलं होतं, "खोटं कशाला बोलायचं देवाच्या दारात?"

परत येताना चर ओलांडायच्या वेळी त्यांनी सोवळं उचललं नाही. मुद्दाम असं नाही. हात वर गेलाच नाही.

घरात मालन जागी होती. उशीवर केस चिकटलेले, ओठ फुटलेले, डोळे मात्र स्वच्छ, तापात असतात तसे फार स्वच्छ. उशाशी उकळलेल्या पाण्याची लोटी, वर वाटी उपडी. कॅप्सुलची बाटली.

"कुठे होता, आई?"

"विहिरीवर."

"गोळीची वेळ झाली." मग नेहमीसारखं ती कुशीवर वळली, तेवढ्यानेही तिला दम लागला, आणि तिने उजवा हात पांघरुणाबाहेर काढला. तळवा खोलगट केला. करंगळी बाहेर, अंगठा आत, त्यांनीच शिकवला होता तसा. हातावरच्या शिरा निळ्या दिसत होत्या. "तीर्थ द्या. तुम्ही अजून काही घेतलं नसेल."

कमळाबाई देव्हाऱ्याशी गेल्या. झाकण काढलं. पाणी तसंच होतं, नक्षी दिसत होती. पळी भरली. मग ती भरलेली पळी पुन्हा पंचपात्रीत सोडली आणि रिकामी पळी, एक तुळशीचं पान घेऊन परत आल्या. पाठ मालनकडे राहील अशा बसल्या. लोटीवरची वाटी काढली, आवाज होऊ न देता. ते पाणी देवाला शिवलं नव्हतं. त्याला कुणी स्नान घातलं नव्हतं, कुणी मंत्र म्हटला नव्हता. चुलीवर दोनदा उकळलेलं, चामड्यातून आलेलं. लोटीतून पळी भरली, वर तुळशीचं पान ठेवलं आणि तिच्या तळव्यावर रिकामी केली.

विश्राम आत्ता कुठे असेल?

मालनने ओठ लावले. थांबली. मग उरलेलं प्यायली, ओला हात डोळ्यांना, मग कपाळाला लावला. बराच वेळ कपाळावरच ठेवला.

"कोमट आहे आज," ती म्हणाली.

कमळाबाई पळीवरची फणी बोटांनी चाचपत राहिल्या.

"आई."

"काय गं."

"डॉक्टरांना मीसुद्धा नाही सांगितलं."

बाहेर नळावर कुणाचा तरी हंडा आपटला, बायकांचा गलका झाला, थांबला. मालनने डोळे मिटले होते. चेहऱ्यावर राग नव्हता, उपकाराचा भावही नव्हता; दमलेल्या माणसाचा चेहरा होता फक्त.

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून… चर तर तीही ओलांडत होती, धुणं घेऊन. आवडाबाई तिच्याशीही बोलतच असणार. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ताप उतरला त्या सकाळीही, मी हसत हसत दोन पळ्या जास्त घातल्या त्या सकाळीही. आणि तरी हात पुढे केला. रोज. अंगठा आत, करंगळी बाहेर. मला वाटायचं किती भाविक पोर, आपल्या हाताखाली तयार झालेली. ती देवापुढे हात पसरत नव्हती. माझ्यापुढे पसरत होती. आणि मी ओतत होते.

"गोळी द्या मला," असं मालन म्हणाली असावी, कारण कमळाबाईंच्या हातात बाटली होती. त्यांनी बूच उघडलं. कॅप्सूल तिच्या जिभेवर ठेवली, लोटी तोंडाला लावली, मान हाताने तोलून धरली. ती मान किती हलकी झाली होती.

देव्हाऱ्यात पंचपात्री उघडीच राहिली होती. समईची वात तेलाशी आली होती. डॉक्टर संध्याकाळी यायचे होते, विश्राम त्यांच्या आधी. कुणाला आधी सांगायचं हे त्यांना कळत नव्हतं, सांगता येईल का हेही. घसा आता जळत होता. लोटीत अजून निम्मं पाणी होतं, पंचपात्री भरलेली होती, आणि दोन्हींच्या मध्ये जमिनीवर त्या बसून होत्या. आणि पहाटेपासून पहिल्यांदाच त्यांना विश्रामची नाही, देवाची नाही, त्या मिटलेल्या दोन डोळ्यांची भीती वाटत होती, ते उघडतील आणि उद्या सकाळी हात पुन्हा पांघरुणाबाहेर येईल, न सांगता, खोलगट.